तेलाचं पाणी

तो आवाज अजून कानात आहे. काचेच्या पेल्यावर नखाने टिचकी मारावी तसा, बारीक आणि कोरडा. टिंग. जुन्या कानशीपासून घडवलेलं विळीचं पातं मी भट्टीतून लालभडक काढलं आणि बादलीतल्या पाण्यात बुचकळलं. फस्सकन वाफ उठली, ती विरते न विरते तोच पाण्याच्या आतून तो आवाज आला. पातं बाहेर काढून पाहिलं तर दिसायला धडधाकट होतं, सरळ आणि राखाडी. धारेवरून नख फिरवत गेलो आणि मध्यावर नख अडकलं. केसाएवढी चीर, धारेपासून वर दीड सेंटिमीटर गेलेली. चार रविवार त्या पात्यावर घातले होते.

पातं आईच्या विळीसाठी होतं. तिच्या विळीचं जुनं पातं झिजून झिजून चंद्रकोरीसारखं झालं होतं. बाजारात मिळणारी नवी पाती ती दोन दिवस वापरायची आणि मुकाट्याने पुन्हा जुनी विळी काढायची. एवढं काम आपल्याला जमलं पाहिजे, असं मनाने घेतलं. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, काम करतो. हार्डनिंग, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कडक करणं, हा शब्द दिवसातून दहादा तोंडात येतो. पण आमच्याकडून जॉब ट्रेमध्ये भरून बाहेर जातो आणि दोन दिवसांनी हार्डनेसच्या आकड्यासह परत येतो. मधल्या काळात त्याचं काय होतं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

चिरलेलं पातं घेऊन मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या लोहारमामांकडे गेलो. त्यांचा भाता बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ऐरण अजून अंगणात आहे. त्यांनी पातं उजेडाकडे धरलं, उलटंसुलटं केलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी लई झालंया बघा त्याला." थोड्या वेळाने म्हणाले, "कानशीला तेल पाजायचं. पाणी नव्हं."

"कुठलं तेल, मामा?"

"आमी करडईचं वापरायचो."

मराठीत पात्याच्या कडकपणाला पाणीच म्हणतात. तापवून विझवलं की पाणी चढतं, ग्राइंडरवर धार लावताना निळं पडलं की पाणी उतरतं. करडईच्या तेलात विझवलं तरी मामांच्या लेखी चढतं ते पाणीच. हा शब्द किती जुना आहे ते मला पुढे कळलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, तलवारीवर एक अख्खा अध्याय आहे. त्यात शस्त्र विझवण्याला 'शस्त्रपान' म्हटलंय. लखलखती लक्ष्मी हवी असेल तर रक्त पाजावं, गुणी मुलगा हवा असेल तर तूप, आणि न संपणारं धन हवं असेल तर पाणी. पुढे घोडी, सांडणी आणि हत्तीण यांचं दूध येतं. हत्तीची सोंड तोडणारी धार हवी असेल तर माशाचं पित्त आणि हरिणी, घोडी, शेळी यांच्या दुधाचं मिश्रण. हे वाचून पुष्कळ जण हसतात. मला त्यात एक अतिशय गंभीर माणूस दिसतो, ज्याला पक्कं ठाऊक आहे की पातं कशात विझवलं यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. त्याच अध्यायात केळीच्या राखेचा खार ताकात कालवून, रात्रंदिवस मुरवून त्यात लोखंड पाजायला सांगितलंय. असं पातं दगडावरही मोडत नाही, म्हणे. मोडण्याचं मी सांगू शकत नाही, पण खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा झपाट्याने विझवतं, हे आजही कुठलाही हीट ट्रीटमेंटवाला सांगेल.

तर प्रश्न होता, कुठलं तेल. तीन वर्षं मी या प्रश्नामागे होतो, आणि बराच काळ तो चुकीच्या टोकाने धरला होता. मी चांगलं तेल शोधत होतो. शोधायला हवं होतं पोलाद.

पोलाद तापत जातं तेव्हा ७७० अंश सेल्सियसच्या आसपास त्याला चुंबक चिकटायचा थांबतो. भट्टीवर काम करणारा हौशी माणूस तारेला बांधलेला चुंबक जवळ ठेवतो तो यासाठीच. त्याच्या थोडं वर, ८०० अंशांच्या पुढेमागे, पोलादातला कार्बन लोखंडात विरघळून जातो, चहात साखर जाते तसा. आता हे सावकाश थंड होऊ दिलं तर कार्बनला बाहेर पडून नीट थर लावून बसायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ राहतं. तो वेळ दिलाच नाही तर कार्बन जिथल्या तिथे अडकतो, लोखंडाचे कण ताणले जातात, आणि जे काही तयार होतं त्याच्यावर कानस चालत नाही. या कडक रूपाला अडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

तो वेळ म्हणजे किती? १९३० साली अमेरिकेत डेव्हनपोर्ट आणि बेन या दोघांनी कोणत्या अंशाला कार्बन किती वेळात बाहेर पडतो याचा आलेख काढला. इंजिनिअरिंगच्या मुलांना तो वक्राच्या नाकामुळे आठवत असेल. ५४० अंशांच्या आसपास वक्र नाकासारखा पुढे येतो, आणि त्या नाकाला न शिवता खाली उतरायचं असतं. साध्या, जवळजवळ १ टक्का कार्बनच्या पोलादाला नाक चुकवायला एक सेकंदही मिळत नाही. माझी कानस याच जातीची. बेअरिंगचं पोलाद, आपल्याकडे ज्याला ईएन ३१ म्हणतात, त्यातही कार्बन १ टक्काच असतो, पण दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असल्यामुळे त्याला जास्त सवड मिळते. ट्रकच्या कमानीचा पाटा, ज्याचे आपल्याकडे ऊसतोडीचे कोयते होतात, तोही असाच थोडा दमानं घेणारा. ओएचएनएस, म्हणजे ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग पोलाद, तर टूलरूममध्ये सगळ्यांना माहीत. त्याच्या नावातलं पहिलं अक्षरच तेलाचं आहे. आणि एचसीएचसीआर, म्हणजे भरपूर कार्बन आणि क्रोमियम असलेलं पोलाद, त्यातल्या काही जातींना तेलाचीही गरज नाही, त्या नुसत्या हवेत कडक होतात.

म्हणजे प्रत्येक पोलादाची घाई वेगळी, आणि तेलाचा वेग त्या घाईशी जुळवायचा.

मग कानशीला एवढी घाई असेल तर पाण्याने काय बिघडलं? पाणी घाईत तर सगळ्यांच्या पुढे! इथे मी बरेच दिवस अडलो होतो. झालं असं होतं की पाण्याने वरची घाई भागवली, पण खालीही थांबलं नाही. साधारण २०० अंशांच्या आसपास मार्टेन्साइट तयार व्हायला लागतं आणि तयार होताना ते फुगतं. पात्याचं बाहेरचं अंग आधी फुगून कडक होतं, आतलं मागाहून फुगतं, आणि बाहेरच्याला आता ताणायची सोय उरलेली नसते. तेव्हा ते फाटतं. माझा टिंग तिथला. या टप्प्यात सावकाश जायला हवं. पाणी वरही धावतं आणि खालीही धावतं. तेल वर जमेल तेवढं धावतं आणि खाली आल्यावर पाय ओढतं. तेल वापरायचं ते त्याच्या या मंदपणासाठी.

पण तेल वर तरी पुरेसं धावतं का? हे समजायला आईचा तवा उपयोगी पडला. घावन घालण्याआधी ती तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारते. तवा नुसता गरम असेल तर थेंब चरचरून उडून जातो. तवा फारच तापला असेल तर थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि तव्यावर नाचत राहतो, लवकर आटत नाही. थेंबाखाली त्याच्याच वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला तव्याला टेकू देत नाही. लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन माणसाने १७५६ साली यावर लिहून ठेवलंय. लाल पातं तेलात गेलं की हेच उलट बाजूने घडतं. पात्याभोवती वाफेचं अंगरखं तयार होतं आणि तेल पात्याला शिवतच नाही. हे अंगरखं फाटलं की तेल पात्यावर उकळायला लागतं, आणि खरी उष्णता तेव्हा ओढली जाते. शेवटी उकळणंही थांबतं आणि नुसतं गरम तेल पात्याला बिलगून राहतं. चांगलं क्वेंच ऑइल, विझवायचं तेल, म्हणजे ज्याचं अंगरखं पटकन आणि सगळीकडे सारखं फाटतं ते. कंपन्या त्यात जे काही मिसळतात ते मुख्यतः यासाठी.

तेलाचा हा वेग मोजायची एक जुनी रीत आहे आणि ती मला फार आवडते. निकेलचा एक गोळा ८८५ अंशांपर्यंत तापवतात आणि तेलात सोडतात. तापलेलं निकेल चुंबकाला चिकटत नाही. ३५४ अंशांच्या आसपास आलं की पुन्हा चिकटायला लागतं. गोळा तेलात पडल्यापासून चुंबकाने त्याला ओढेपर्यंत किती सेकंद गेले, तो त्या तेलाचा आकडा. अमेरिकेतले सुऱ्या बनवणारे ज्याचं नाव सारखं घेतात त्या पार्क्स ५० या तेलाचा आकडा ७ ते ९ सेकंद. पार्क्स ट्रिपल ए चा ९ ते ११. मंद तेलं पंधरा-वीस सेकंदांच्याही पुढे जातात. कानशीला पहिलं, बेअरिंगला आणि पाट्याला दुसरं. एवढं कळलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

पण ते कळायच्या आधी मी सगळ्यांनी सांगितलेलं केलं. गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल आणलं. दुसरं पातं त्यात विझवलं. काळा धूर अंगणभर झाला, डोळे चुरचुरले, शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेले कपडे उचलले. पातं चिरलं नाही याचा आनंद झाला, आणि मग कानस फिरवली तर ती पात्यात रुतली. मऊ. नाक चुकलंच नव्हतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले धातूचे अंश आणि न जाणो काय काय असतं, आणि त्याचा तो धूर मी माझ्या आईच्या तुळशीपाशी उभा राहून छातीत घेतला. हे कोणी करू नये, असं मी आता स्पष्ट सांगतो. फुकट मिळतं म्हणून तर मुळीच नाही.

त्यानंतर मामांचं ऐकलं. करडईचं तेल महाग पडत होतं म्हणून शेंगदाण्याचं घेतलं. आणि गंमत अशी, की खायच्या तेलांना पात्यावर वाफेचं अंगरखं जेमतेमच धरतं. खनिज तेलासारखा लवकर उडून जाणारा भाग त्यांच्यात नसतो, त्यामुळे ती पहिल्या क्षणापासून पात्याला भिडतात. बेअरिंगच्या पोलादाची छोटी सुरी मी त्यात विझवली आणि कानस तिच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. अंगणात भजी तळल्याचा वास. मामांनी आयुष्यभर जे हाताच्या अंदाजाने केलं, ते चुकीचं नव्हतं. खोट एकच, ते टिकत नाही. कढईच्या कडेला जसा चिकट पिवळा थर बसतो तसा डब्याच्या आतून बसायला लागतो. तेल दाटतं, खवट होतं, आणि दाटलेलं तेल मंद होतं. वर्षातून दोन-चार पाती करणाऱ्याला खायचं तेल पुरेसं आहे, हे माझं ठाम मत आहे. ज्याला नेहमी करायचंय त्याने कारखान्याचं घ्यावं.

कारखान्याचं तेल घेतानाही मी एकदा फसलो. क्वेंच ऑइल म्हणून दिलेला डबा जाडजूड, मधासारखा होता. वेगाचा आकडा विचारला तर दुकानदाराला माहीत नव्हता, आणि मीही रेटून विचारलं नाही. आता मी डब्यावरचं नाव बाजूला ठेवतो आणि कंपनीचा तांत्रिक कागद मागतो. त्यात वेग, घट्टपणा आणि कोणत्या अंशाला पेट घेतं ते असतं. कागद नसेल तर डबा नको.

तेलाचं तापमान ही दुसरी बाब. मला वाटायचं, जितकं गार तितकं झटपट. मागच्या डिसेंबरात पहाटे तेल इतकं गार होतं की पळीतून सोडलं तर धार सावकाश उतरत होती. असं तेल पात्यापासून हलतच नाही, तिथल्या तिथे तापून बसतं. ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलं की ते पातळ होतं, फिरतं आणि जास्त वेगाने विझवतं. मी लोखंडाचा एक जाड तुकडा तापवून आधी त्यात बुडवतो. काही वेगवान तेलं मुळातच इतकी पातळ असतात की त्यांना कोमट करावं लागत नाही, म्हणून पुन्हा तो कागद. आणि तेल भरपूर हवं. पाव किलोचं पातं ५ लिटर तेलात विझवलं तर सगळं तेल १२-१३ अंशांनी तापतं. एकामागून एक चार पाती घातली तर हिशेब तुमचा तुम्ही करा.

एका पावसाळ्यानंतर घडलेली गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अपुरा राहील. डबा पडवीत होता, झाकण नीट बसलेलं नव्हतं. गळतीचं थोडं पाणी आत गेलं असावं. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन बसतं, वरून काही दिसत नाही. पातं आत गेलं आणि डबा फसफसून वर आला, दुधाचं पातेलं उतू जावं तसा. तेल भट्टीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर सांडलं. पेटलं नाही, एवढंच. तेव्हापासून मी आधी चमचाभर तेल तव्यावर तापवून बघतो. तडतडलं तर त्यात पाणी आहे, त्या दिवशी काम नाही. डबा लोखंडाचा, जवळ त्याचं झाकण आणि वाळूची बादली. तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, झाकण ठेवायचं. पातं अर्धवट बुडवून धरायचं नाही, कारण पेट घेतो तो तेलाच्या वर राहिलेल्या लाल भागापाशी.

वेगवान तेल हातात आलं त्या रविवारी मी पुन्हा कानशीचं पातं घेतलं. जुन्या पात्यावरून कागदाचा नमुना कापून ठेवलाच होता. धार आधीच बारीक केली नाही, दीड मिलिमीटर जाड ठेवली, कारण पातळ धार विझताना सुरकुतते. चुंबक सुटला, त्यानंतर रंग थोडा उजळू दिला, सांडशीने पातं उचललं. भट्टी ते डबा दोन पावलं, पण कानशीसाठी दोन पावलंही जास्त. डबा भट्टीला खेटून आणला होता. टोक खाली करून सरळ आत. आत गेल्यावर भाजी चिरल्यासारखं पुढेमागे हलवलं. आडवं हलवायचं नाही, पातं वाकतं. मनात आठ आकडे मोजले.

बाहेर काढलं तेव्हा पात्यातून धूर निघत होता आणि ते किंचित डावीकडे वळलेलं होतं. यानंतरचा एक मिनिट मला सगळ्यात प्रिय आहे. नाक तर चुकलेलं असतं, पण पातं अजून दोनशे अंशांच्या वर असतं आणि मार्टेन्साइट तयार व्हायचं असतं. तेवढ्या वेळापुरतं ते मऊ असतं. जाड हातमोजे घालून मी ते पाटावर टेकवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूच दाबलं. ते वळलं, ओल्या छडीसारखं. पुन्हा डोळ्यासमोर धरलं, पुन्हा थोडं दाबलं, सरळ झालं. आणि मग अंगठ्यांना जाणवलं, पातं आता ऐकत नाही. गार होत होत ते हातातच घट्ट होत गेलं. तेव्हा दाब काढून घ्यायचा. मी काढला आणि कान देऊन बसलो. टिंग आला नाही.

लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. हे टेम्परिंग टाळलं तर पातं हातातून फरशीवर पडलं तरी तुटेल. बाहेर आलं तेव्हा त्याच्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग होता. मग पुढचे दोन रविवार पाण्याची धार सोडून हळूहळू घासत बसलो, चढलेलं पाणी उतरू नये म्हणून.

मामांकडे नेलं. त्यांनी खाटेखालून स्वतःची जुनी कानस काढली, पात्याच्या कडेवर एकदा ओढली. ती घसरली. पुन्हा ओढली, जोर लावून. घसरली. मग त्यांनी पातं ऐरणीवर अलगद वाजवलं आणि कान जवळ नेला. "बसलंय पाणी," म्हणाले. मग विचारलं, "कुठलं तेल?" मी नाव सांगितलं, वेग सांगितला, निकेलच्या गोळ्याचंही सांगितलं. गोळ्याचं त्यांना फार आवडलं. पुन्हा सांगायला लावलं.

आईने त्या विळीवर पहिल्यांदा सुरण चिरला. काही बोलली नाही. जुनी विळी तिने माळ्यावर ठेवायला दिली.

परवा शेजारचा पोरगा ट्रकचा मोडका पाटा घेऊन आला. त्याच्या वडलांना कोयता करून हवाय. पाट्याची नेमकी जात कोण सांगणार, म्हणून मी आधी बोटाएवढा तुकडा कापला, तापवला आणि वेगवान तेलाच्या डब्याला हात न लावता शेंगदाण्याच्या तेलात विझवला. शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून हातोडीने मोडला. मोडलेल्या तोंडावर दाणा दिसत नव्हता, मैद्यासारखं बारीक, मखमली राखाडी. या पाट्याला शेंगदाण्याचं तेल पुरेसं होतं. पोराला भिंगातून दाखवलं. कोयता रविवारी.